धुनेतला टण्ण

बर्चेल स्टँपरने एकोणतीस वर्षे खाणीच्या छताला बोल्ट मारले. भोक पाडायचे, चार फुटांचा बोल्ट आत सारायचा, आवळायचा, मग लोखंडी पहारीने छत ठोकून ऐकायचे. छत पक्के असेल तर ‘टण्ण’ वाजते. पोकळ असेल तर ‘डब्ब’. डब्ब वाजले की माणसांनी मागे सरायचे. बर्चेल ‘टण्ण’ म्हणाला की आम्ही निमूट आत जात असू. मी पट्ट्यावर होतो. कोळसा वाहणारा रबरी पट्टा अडकू न देणे हे माझे काम. त्याच्या छताखाली मी बावीस वर्षे वर न बघता काम केले. कुणाबद्दल याहून चांगले मला म्हणता येत नाही.

या माणसाला गाण्यातले मात्र काही कळत नसे. चर्चमध्ये तो नुसते तोंड हलवी.

बोल्टच्या यंत्रावर दोन माणसे लागतात. दुसऱ्या बाजूला एस्टिल गेहार्ट असे. गालात तंबाखू धरून तो दिवसभर नाकातून एकच धून गुणगुणत राही. ‘बर्फावरची घोडी’. गेहार्टांच्या घरची धून. यंत्राच्या गोंगाटात आणि कानांतल्या बोळ्यांतून ती आमच्यापर्यंत तुकड्यातुकड्यानेच पोहोचे.

एस्टिल फेब्रुवारीत गेला. त्याच्या आठवडाभर आधी आम्ही दोघे त्याला भेटायला गेलो होतो. मी खिडकीशी उभा होतो, बर्चेल पलंगाशी.

“बर्चेल, मे महिन्यात कबरी सजवाल तेव्हा माझ्या कबरीवर घोडी वाजव,” एस्टिल म्हणाला.

“मी? मला दाराची घंटीसुद्धा नीट वाजवता येत नाही.”

“डेल्फियाचे हात गेले. आमच्यात वाजवणारं दुसरं कुणी उरलं नाही. तू वाजव. आणि पूर्ण वाजव. अर्धवट काम तू कधी केलेलं मी पाहिलं नाही.”

“वाजवीन,” बर्चेल म्हणाला. बोलणे एवढेच झाले.

आमच्या घळीत, म्हणजे डोंगरांमधल्या या अरुंद वस्तीत, धून ही घराची असते. दुसऱ्याच्या घरची धून न विचारता चारचौघांत वाजवणे म्हणजे दुसऱ्याच्या परसातल्या शेंगा न विचारता तोडणे. म्हणून एस्टिलला पुरल्यावर बर्चेल घळीच्या टोकाला डेल्फिया गेहार्टकडे गेला. ती एस्टिलची थोरली बहीण, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. मीही गेलो. ती पडवीत बसली होती. ओठाखाली तपकिरीची गोळी, पायाशी कॉफीचा रिकामा पत्र्याचा डबा.

“तू वाजवणार?” तिने विचारले. “तुझा बाप चर्चमध्ये गायला लागला की कुत्री बाहेर जायची.”

“म्हणून तर मी गात नाही, मावशी.”

“मी शिकवणार नाही. हे बघ.” तिने बोटे दाखवली. आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती.

“मी दुसरीकडे शिकतो. तुम्ही फक्त ऐका.”

“सजावटीच्या आदल्या रविवारी ये. ऐकते. एक जरी सूर आमचा नसला, तर एस्टिलवर फुलं ठेव आणि गप घरी जा.”

एवढे बोलून ती डबा उचलून आत गेली.

*

गावातल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत गुरुवारचे डल्सिमर मंडळ जमते. अकरा माणसे. कोरीन ट्रिप्लेट ही निवृत्त शिक्षिका मंडळ चालवते. तिने बर्चेलला मंडळाचा जादा डल्सिमर दिला. लांबट, कमरेत बारीक, मांडीवर आडवा ठेवायचा. तीन तारा. दोन नुसत्या घुमत राहतात, तिसरीवर धून. डाव्या हातात बांबूची काडी धरून ती तारेवर सरकवायची, उजव्या हातात टर्कीच्या पिसाची दांडी घेऊन छेडायचे. यंत्र म्हणून पाहिले तर सोपे आहे.

“घोडी शिकायची ना? मग तुमचं नशीब थोर,” कोरीन म्हणाली. “तिची फाइल आहे.”

तीस वर्षांपूर्वी कुठल्याशा कॉलेजचे लोक टेप घेऊन घळीत आले होते. डेल्फियाचे वाजवणे त्यांनी टेप केले. पुढे तिथल्या कुणा विद्यार्थ्याने ती टेप ऐकून एकेक सूर कॉम्प्युटरमध्ये भरला. आता फाइल इंटरनेटवर होती. बटण दाबले की यंत्र धून वाजवते, खेळण्यातल्या पियानोच्या आवाजात. हवी तितकी सावकाश करता येते. थकत नाही, चुकत नाही, कंटाळत नाही. बर्चेलला असा जोडीदार एस्टिलनंतर पहिल्यांदाच मिळाला.

त्या विद्यार्थ्याने टेपवरचे काहीही सोडले नव्हते. काम चोख होते. पुढे जे झाले त्यात त्याचा दोष मी मानत नाही.

धून दोन भागांची. दुसऱ्या भागाच्या शेवटाकडे ती एकदम थांबते. दीड ठोका. त्या थांब्याच्या मध्यावर एकच सूर येतो, बाकी सगळ्या सुरांच्या खूप वर. मग धून पुन्हा चालू. बर्चेलने तो सूर पहिल्यांदा ऐकला आणि कानावरचे हेडफोन काढून माझ्या कानाला लावले.

“एल्झी, ऐक. टण्ण. छत पक्कं आहे.”

वाचनालय एक जुना कॉम्प्युटर टाकून देणार होते. तो बर्चेलने आपल्या शेडमध्ये आणला आणि दाण्याच्या पिंपावर मांडला. शेडमध्ये विजेची जोडणी एकच. कॉम्प्युटर लावला की दिवा लागत नसे. म्हणून तो खाणीतली टोपी घालून, कपाळावरचा दिवा लावून सरावाला बसे. डल्सिमर मांडीवरून घसरायचा. मी त्याला जुन्या पट्ट्याचा रबरी तुकडा आणून दिला, तो मांडीवर टाकला की डल्सिमर हलत नसे. तेवढी माझी मदत.

त्याची पद्धत अशी होती. वेग मिनिटाला तीस ठोक्यांवर ठेवायचा. पन्नास वेळा बिनचूक वाजवायचे. मग वेग एकने वाढवायचा. एकोणपन्नासाव्या वेळी चूक झाली तर पुन्हा एकपासून. खडूने भिंतीवर रेघा. फाइलीच्या सुरुवातीला वेग कळावा म्हणून यंत्र चार वेळा टकटक करते. बर्चेल तेही शिकला. टाचेने फळीवर चार ठोके देऊन मगच सुरू करायचा.

“ते धुनेत नसतं रे,” मी म्हणालो.

“फाइलीत आहे.”

“ते नुसतं मोजायला आहे.”

“मग मी पण मोजतोय.”

अडचण होती ती वरच्या सुराची. त्यासाठी डाव्या हाताने काडी उचलून फूटभर पलीकडे, तारेखालच्या धातूच्या पट्ट्यांपैकी पार शेवटच्या पडद्यांवर न्यायची, एक सूर काढायचा आणि अर्ध्या ठोक्यात परत जागेवर यायचे. काडी उचलली नाही तर तार किंचाळते. जास्त उचलली तर नेम चुकतो. या एका उडीवर बर्चेलने पाच आठवडे घातले. चौदा काड्या झिजवल्या. अंगठ्याचे कातडे दोनदा गेले. हातातले घड्याळ काढून ठेवले, वजन नको म्हणून. जेवतानाही त्याचा डावा हात ताटावरून मिठाच्या बाटलीपर्यंत जाऊन परत येत असे, मीठ न घेता. एका रविवारी प्रार्थना चालू असताना तो हात आपोआप उडून शेजारच्या बाईच्या पर्सवर पडला. तिने पर्स दुसऱ्या बाजूला ठेवली.

मंडळातही घोडीचा सराव चाले. तिथे त्या सुराचा मोठा मान होता.

“हा घोडीचा खूर,” कोरीन समजावून सांगे. “बर्फ तडकतो आणि खूर आत जातो, तो हा क्षण. थांबणं म्हणजे रोखलेला श्वास.”

त्या जागी आले की माणसे डोळे मिटून घेत. एका बाईला दर गुरुवारी रडू येई. रे नावाच्या म्हाताऱ्याला उडी जमेना, तेव्हा त्याने बायकोला दुसरा डल्सिमर देऊन शेजारी बसवले. ती धूनभर हात बांधून बसे आणि वेळ आली की तेवढा एक सूर वाजवी. परत हात बांधे.

“झेपतंय का गं?” रे विचारी.

“तू तुझं बघ. मी चुकत नाही,” ती म्हणे. खरेच चुकत नसे.

एप्रिलच्या शेवटी बर्चेलने मंडळात घोडी वाजवली. पूर्ण वेगात. उडी अशी मारली की काडी गेलेली दिसली नाही, नुसती आलेली दिसली. कोरीन उठून उभी राहिली. रेची बायको म्हणाली, “हे बघ, एकटा माणूस करतोय.” रे आपल्या तारा आवळू लागला.

*

सजावटीच्या आदल्या रविवारी आम्ही घळीच्या टोकाला गेलो. डेल्फिया पडवीत, त्याच खुर्चीत. बर्चेलने मांडीवर पट्टा टाकला, डल्सिमर ठेवला, टाचेने चार ठोके दिले.

“कोण आलंय?” डेल्फियाने दाराकडे पाहिले.

“कुणी नाही, मावशी. ही सुरुवात आहे.”

“कसली?”

“धुनेची. फाइलीत आहे.”

“दार वाजवून कुणी धून सुरू करतं का? पुढे चल.”

तो पुढे गेला. पहिल्या भागाला तिची मान हळूहळू डोलायला लागली. मी श्वास रोखून बसलो होतो, मला खुराचे सांगितलेले होते म्हणून. दुसरा भाग आला. धून थांबली. काडी उडाली. टण्ण. डेल्फियाने हात वर केला.

“ते काय होतं?”

“घोडीचा खूर, मावशी.”

“कुठल्या घोडीचा?”

“बर्फावरच्या. बर्फ तडकतो, खूर आत जातो—”

“आमची घोडी बर्फावरून नीट पलीकडे गेली होती, बाबा. पुढे अकरा वर्षं नांगराला होती. खूरबीर काही आत गेला नाही. पुन्हा वाजव.”

त्याने पुन्हा वाजवले. या वेळी ती तोंडात तपकीर घोळवत, डोळे बारीक करून ऐकत होती. थांब्याची जागा आली. बर्चेलची काडी उडाली, आणि त्याच क्षणी डेल्फियाची मान डाव्या बाजूला वळली आणि ती पायाशी असलेल्या डब्यात थुंकली.

टण्ण.

दोन्ही आवाज एकावर एक पडले. सूरसुद्धा तोच. त्या विद्यार्थ्याचे काम खरोखर चोख होते.

परसात कोंबड्या टोचत होत्या.

“त्या पोरांनी टेप लावली तेव्हा माझ्या ओठाखाली तपकीर होती,” डेल्फिया अखेर म्हणाली. “नेहमीच असते. बर्चेल, तू मला थुंकताना वाजवतोयस.”

बर्चेल कानांपर्यंत लाल झाला. “पाच आठवडे घातले मी त्या उडीवर.”

“उडी छानच मारतोस. इतकी सुंदर मला कधी थुंकता आली नाही.”

बर्चेलने काडी खाली ठेवली, अंगठ्याकडे पाहिले. मग कामाचा माणूस विचारतो तसे विचारले, “बरं. तो सूर काढून टाकतो. पण मावशी, तिथे खरं काय आहे?”

“खरं म्हणजे?”

“त्या दीड ठोक्यात. तुम्ही थुंकला नसतात तर काय वाजवलं असतं?”

डेल्फियाने हात पुढे केला. “दे इकडे ते.”

तिने डल्सिमर मांडीवर घेतला, काडी मुठीत धरली. बोटे वळत नव्हती, पण मूठ सरकत होती. धून सावकाश निघाली. त्या जागी आली, मान वळली, टण्ण, धून पुढे गेली.

“थुंकलात,” मी म्हणालो.

“मला कळतंय, एल्झी. मी तिथेच होते.”

तिने ओठाखालची तपकीर काढून टाकली, पाण्याने चूळ भरली आणि पुन्हा सुरुवात केली. त्या जागी हात थांबला. पुढे सरकेना. “इथे असं... इथून मग...” तिने चार पडदे चाचपून पाहिले. एकही पटेना. पुढची धूनही तिला आठवेना. तिसऱ्या खेपेला गुणगुणून पाहिले. तिथेच अडकली.

“तुमची आई काय वाजवायची तिथे?” बर्चेलने विचारले.

“आईच्याही ओठाखाली असायची.”

“आणि आजी?”

“आजीचा तर डबा पितळी होता.”

मला तेव्हा एस्टिल आठवला. खाणीत विडी पेटवायची बंदी, म्हणून सगळे तंबाखू चघळत. एस्टिलचे गुणगुणणे मध्येच एका जागी तुटायचे आणि मग त्याच्या बुटाशी पच्च व्हायचे. आम्हाला वाटे, यंत्राच्या आवाजात तुकडा हरवला. तुकडा नव्हताच. तीन पिढ्यांनी त्या जागी थुंकून घेतले होते. तिथे कधी काही सूर होते का, हे सांगायला आता कुणी राहिलेले नव्हते.

“मग माझं काय?” बर्चेल म्हणाला. “रविवारी वाजवू की नको?”

डेल्फियाने नवी तपकीर ओठाखाली भरली.

“अट तीच. काडीने टण्ण करशील तर ती माझी नक्कल झाली. नुसता रिकामा थांबशील तर तेही आमचं नाही, आमच्यात तिथे रिकामं कुणी थांबलेलं नाही. मी पुढच्याच खुर्चीत असेन. चुकलास तर उठून जाईन. मी उठले की सगळे गेहार्ट उठतील. मग एस्टिलला एकट्याला ऐकव.”

“म्हणजे मी करायचं तरी काय?”

“शब्द तू दिलास. मी का सांगू?”

*

उतारावर गाडी घालताना बर्चेल म्हणाला, “थुंकावं लागणार.”

“हो.”

“तंबाखू मी वीस वर्षांपूर्वी सोडली. फुफ्फुसाच्या डॉक्टरला शब्द दिलाय.”

“मग नुसतंच थुंक.”

“नुसत्याला वजन नसतं. डबा वाजणार कसा?”

त्याचे बरोबर होते. आम्ही सोमवारी करून पाहिले. नुसती थुंकी डब्यात पोहोचते, वाजत नाही. कलिंगडाच्या बीने आवाज होतो, पण फार बारीक. कॉफीचा ओला चोथा ओठाखाली घट्ट दाबून धरला आणि एकदम सोडला तर बरोबर टण्ण होते. डबा कोरडा आणि रिकामा हवा. तळाला जरा साचले की डब्ब. म्हणून प्रत्येक वेळी मी डबा उचलून, पुसून, खडूच्या खुणेवर परत ठेवत होतो. डबा उजव्या पायापासून अडीच फुटांवर. मान किती वळवायची तेही ठरवले.

खरा त्रास डाव्या हाताचा होता. तो थांब्याची जागा आली की आपणहून उडायचा. शिकायला पाच आठवडे लागलेली गोष्ट पाच दिवसांत विसरायची, आणि तिच्या जागी दुसरी शिकायची. बर्चेलने मनगट कातडी पट्ट्याने बाकाला बांधले. पहिल्या दिवशी बाक उडाला. बुधवारी नुसते मनगट उडाले. शुक्रवारी पट्टा सोडला, तरी हात जागेवर राहिला.

मधल्या गुरुवारी त्याने मंडळात जाऊन सगळे खरे सांगितले. लपवणे त्याला जमत नाही.

“म्हणजे,” रेची बायको म्हणाली, “मी दोन महिने नुसती थुंकी वाजवतेय?”

“एकही चुकली नाहीस,” रे म्हणाला.

“तू गप बस.”

दर आठवड्याला रडणाऱ्या बाईने हे मान्यच केले नाही. डेल्फिया म्हातारी झाली, तिला आठवत नसेल, असे ती म्हणाली. कोरीनने चष्मा पुसला, परत घातला आणि मत टाकायला सांगितले. सात जण खुराच्या बाजूने, चार थुंकीच्या. मंडळाने खूर कायम ठेवला.

शनिवारी संध्याकाळी आम्ही शेवटचे मोजले. पन्नासात सत्तेचाळीस. सत्तेचाळीस म्हणजे पन्नास नव्हे. खाणीत तीन बोल्ट सुटलेले चालत नाहीत. हे मला त्याला सांगावे लागले नाही.

*

रविवारी ऊन स्वच्छ होते. टेकडीवरचे गवत कापलेले, कबरींवर कागदी फुले, कुंपणाशी लांब टेबलांवर मक्याचा पाव, घेवड्याच्या शेंगा, तळलेली कोंबडी, सुक्या सफरचंदांचा थरांचा केक. चाळीसेक गेहार्ट होते. मंडळही आले होते, सगळे कुंपणाशी उभे होते. पुढच्या खुर्चीत डेल्फिया, पायाशी डबा.

पाद्री थोडक्यात बोलले. त्यांना कोंबडीचा वास येत होता.

बर्चेल एस्टिलच्या कबरीशी उलट्या बादलीवर बसला. मांडीवर पट्टा, पट्ट्यावर डल्सिमर, उजवीकडे अडीच फुटांवर डबा. ते अंतर मी मोजून ठेवले होते. त्याच्या ओठाखाली चोथा होता, त्यामुळे तो जरा रागावलेला दिसत होता. टाचेचे चार ठोके त्याने दिले नाहीत. एकदम सुरू केले.

पहिला भाग नीट गेला. घुमणाऱ्या दोन तारा टेकडीवर पसरल्या आणि खाऊ बघत फिरणारी मुलेही जागीच थांबली. दुसरा भाग आला. थांब्याची जागा आली. डावा हात जागेवर राहिला. मंडळातल्या सात जणांनी डोळे मिटले. बर्चेलने मान वळवली, बरोबर तितकीच, आणि थुंकला.

काही आले नाही.

त्याचे तोंड कोरडे पडले होते. चोथा दातांना चिकटून बसला होता. त्याने पुन्हा जोर केला. नुसती हवा. दीड ठोका गेला. दोन गेले. घुमणाऱ्या तारा बारीक होत चालल्या. त्याला पुढे वाजवता येत नव्हते, कारण पुढचा सूर त्या आवाजानंतरच येतो, त्याने असेच शिकून घेतले होते. चार ठोके. मागे कुणीतरी खाकरले. बर्चेलने माझ्याकडे पाहिले. छत कोसळायच्या आधी माणूस पाहतो तसे. मी काय करणार होतो? मी डबा पुसणारा.

डेल्फियाने दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले. मी ते पाहिले. तिच्या मागच्या रांगेतल्या गेहार्टांनी पाहिले, आणि दोघे-तिघे उठायच्या तयारीने पुढे सरकले.

ती पुढे वाकली.

टण्ण.

तिच्या डब्यातून आला. मोठा, स्वच्छ.

बर्चेलचा हात पुढच्या सुरावर पडला. विचार करून नव्हे. एकोणतीस वर्षे तो आवाज ऐकला की पाऊल पुढे टाकायचे, एवढेच त्याला माहीत होते. धून शेवटपर्यंत गेली आणि रीतीप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. दुसऱ्या फेरीला त्याच्या तोंडाला पाणी सुटले होते. जागा आली, मान वळली, त्याचा डबा वाजला. डेल्फियाने मान डोलावली नाही. पण उठलीही नाही.

धून संपल्यावर कुणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. शेवटी पाद्री म्हणाले, “जेवायला चला.”

बर्चेल चूळ भरून डेल्फियापाशी आला. “मावशी, पहिल्या फेरीला तुम्ही मला तारलंत.”

“मी? मला आली, मी थुंकले. तू मध्ये वाजवत होतास.”

“सूर सगळे तुमचेच होते ना?”

“होते.” तिने डबा उचलला, कुंपणापलीकडे रिकामा केला, गवताने आतून पुसला आणि त्याच्यापुढे धरला. “हा घे. तुझ्या डब्याचा आवाज पातळ आहे.”

“मग तुम्हाला?”

“आजीचा आहे की घरात.”

एवढे बोलून तिने केकचा तुकडा मागितला.

फाइल अजून तिथेच आहे, खुरासकट. कोरीन सांगते, दूरदूरचे लोक तिच्यावर सराव करतात. बर्चेलचा कॉम्प्युटर मात्र त्याच उन्हाळ्यात उंदरांनी खाल्ला आणि त्याने तो दुरुस्त केला नाही. दर मे महिन्यात तो टेकडीवर वाजवतो, डेल्फिया पुढच्या खुर्चीत असते.

वर्षभर सराव करतो तो शेडमध्येच, दिव्याच्या उजेडात. पण कॉफीचा चोथा रोज ओठाखाली धरणे हा फुकटचा नास आहे. म्हणून त्याने छताच्या बोल्टचा एक नट दोऱ्याने वर टांगला आहे. दोरा टाचेखाली धरलेला असतो. जागा आली की टाच उचलायची, नट सरळ डेल्फियाच्या डब्यात पडतो. पडायला बरोबर अर्धा ठोका लागतो. ती उंची आम्ही दोन दिवस घालून ठरवली.

मी बहुतेक संध्याकाळी जातो. तो वाजवत असला तर दाराशीच थांबतो. टण्ण ऐकू आले की आत जाऊन बसतो.